काळा मासा, राणीची संस्था आणि ठशांची चित्रं: एका इराणी चित्रपुस्तकाची केस

इराणी अ‍ॅनिमेशनवर कुणीही लिहायला बसलं की सुरुवात ठरलेली असते. शहर-ए-सुख्ते नावाच्या जळक्या प्राचीन शहरात सापडलेला तो मातीचा पेला, साधारण पाच हजार वर्षांपूर्वीचा, त्याच्या भोवती पाच चित्रं, बकरी झाडाकडे उडी मारते आणि पाला खाते, पेला गरकन फिरवला की बकरी हललेली दिसते, झालं, जगातलं पहिलं अ‍ॅनिमेशन! पेला भारी आहे यात वादच नाही, पण त्या बकरीपासून थेट १९५७ मध्ये चित्रकार इस्फंदियार अहमदिये यांनी मुल्ला नसरुद्दीनला पडद्यावर पंधरा सेकंद हलवलं तिथपर्यंत उडी मारायची म्हणजे बकरीपेक्षा मोठी उडी झाली. आणि त्यातून शिकायला काहीच मिळत नाही.

मी पोरापोरींना इलस्ट्रेशन शिकवतो. शिकवताना मला अशी केस लागते की जिच्यात पैसे कुणाचे होते, डोकं कुणाचं होतं, हात कुणाचा होता आणि मधे कोण आडवं आलं हे सगळं वेगवेगळं दिसतं. म्हणून मी दर वर्षी एकच पुस्तक घेतो. 'माही-ए-सियाह-ए-कूचूलू', म्हणजे छोटा काळा मासा. साल १९६८, तेहरान. लेखक समद बेहरंगी, चित्रकार फर्शीद मिस्काली, प्रकाशक 'कानून'.

प्रश्न साधा आहे. इराणच्या राणीच्या आश्रयाखाली चालणाऱ्या सरकारी पैशाच्या संस्थेनं, एक छोटा मासा खंजीर घेऊन मोठ्या पक्ष्याचं पोट आतून फाडतो अशी गोष्ट मुलांसाठी छापली कशी? आणि छापल्यावर त्या माशाचं पुढे काय झालं?

आधी गोष्ट सांगतो, कारण बरेच लोक ती 'क्रांतिकारी रूपक' एवढ्या दोन शब्दांत उरकतात आणि मग मजा जाते.

वर्षातली सगळ्यात मोठी रात्र. समुद्राच्या तळाशी एक म्हातारी मासोळी आपल्या बारा हजार पोरा-नातवंडांना भोवती बसवून गोष्ट सांगतेय. एका ओढ्यात एक काळा मासा आईबरोबर राहायचा, दगडाखाली घर, दिवसभर त्याच त्या पाण्यात गोल गोल. एक दिवस तो आईला म्हणतो मला बघायचंय हा ओढा संपतो कुठे. आई म्हणते, बाळा, ओढ्याला सुरुवात नाही आणि शेवट पण नाही, ओढा आहे तो असाच आहे. शेजारणी जमतात, मग आपल्याकडे जमतात तशाच, ह्याच्या डोक्यात हे कुणी भरवलं, आणि संशय एका गोगलगायीवर येतो. मासा निघतोच. वाटेत डबक्यात बेडकाची पिल्लं भेटतात, स्वतःला खानदानी समजणारी, जग म्हणजे हेच डबकं. एक खेकडा भेटतो, आतल्या गाठीचा. मग उन्हात बसलेली एक पाल, आणि माझं सगळ्यात आवडतं पात्र हेच. ती म्हणते मला रिकामा वेळ असतो तेव्हा मी काट्यांचे खंजीर करते आणि तुझ्यासारखे शहाणे मासे आले की देते. म्हणजे तुझ्याआधी बरेच गेलेत! पुढे पेलिकनच्या चोचीखालच्या पिशवीत अडकणं, बरोबरच्या लहान माशांनी घाबरून ह्यालाच मारायला तयार होणं, खंजिरानं पिशवी फाडून सुटणं, मग समुद्र. आणि समुद्रात मासेखाऊ पक्षी, आपण बगळा म्हणू. बगळ्याच्या पोटात आधीच एक एवढुसं पोर रडत बसलेलं असतं, काळा मासा त्याला म्हणतो मी इथं वळवळून ह्याला गुदगुल्या करतो, हसायला तोंड उघडलं की तू पळ. पोर पळतं. बगळा ओरडत पाण्यात पडतो, मरतो. काळ्या माशाचं काय झालं ते कुणालाच कळत नाही.

म्हातारी म्हणते चला झोपा आता. अकरा हजार नऊशे नव्व्याण्णव मासे गुड नाईट म्हणून झोपायला जातात. आजी पण झोपते. एका लाल माशाला मात्र झोप येत नाही, तो रात्रभर समुद्राचा विचार करत राहतो.

आकडा बघा. बारा हजार वजा एक. एवढ्या हिशेबानं शेवट करणारा माणूस मास्तरच असणार, आणि होताच.

समद बेहरंगी तबरीझचा, जन्म १९३९. कोवळ्या वयात मास्तर झाला आणि अकरा वर्षं इराणी अझरबैजानमधल्या खेड्यांत शिकवत राहिला. तिथली मुलं घरी तुर्की बोलायची आणि शाळेत सगळं फारसीत. हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको, गडचिरोलीत घरी गोंडी किंवा माडिया आणि वर्गात मराठी अशा शाळेवर ज्यांनी एक टर्म काढलीय त्यांना विचारा. बेहरंगीनं १९६५ मध्ये इराणच्या शिक्षणाच्या प्रश्नांवर एक पुस्तकच लिहिलं, त्यात त्याचा राग मुख्यतः ह्यावर होता की अमेरिकन पुस्तकांतून उचललेल्या शिकवण्याच्या पद्धती खेड्यातल्या मातीच्या खोलीत बसलेल्या पोरांच्या गळ्यात मारायच्या म्हणजे काय. मित्राबरोबर गावोगाव हिंडून त्यानं तुर्की लोककथा गोळा केल्या. आणि बालसाहित्याबद्दल त्याचं मत स्पष्ट होतं की हातपाय धुवा, मोठ्यांचं ऐका, दंगा करू नका एवढंच सांगणारं साहित्य पुरे झालं, मुलाला भूक म्हणजे काय आणि काही घरांत चूल का पेटत नाही हे पण सांगा. आपल्याकडे शाळामास्तर, मुलांसाठी लिहिणारा आणि राजकारणात उतरलेला म्हटलं की साने गुरुजी आठवतात, पण गुरुजींच्या गोष्टीत रडू येतं आणि समदच्या गोष्टीत दात-ओठ आवळले जातात, फरक आहे.

आता दुसरी बाजू, पैसेवाली.

'कानून' हा शब्द वाचून आपण पटकन कायदा समजतो. तो कानून वेगळा, त्याचं फारसी स्पेलिंग वेगळं. हा कानून म्हणजे शेकोटी, चूल, जिथं ऊब गोळा होते ती जागा, आणि त्यावरून संस्था, केंद्र. पूर्ण नाव कानून-ए-परवरिश-ए-फिक्री-ए-कूदकान व नौजवानान, मुलांच्या आणि किशोरांच्या बौद्धिक जडणघडणीचं केंद्र. १९६५ साली सुरू झालं. चालवणाऱ्या बाई लिली अमीर-अर्जुमंद, अमेरिकेत लायब्ररीचं शिक्षण घेतलेल्या आणि राणी फराह पहलवींची मैत्रीण. काम सुरू झालं ते लायब्रऱ्यांपासून, तेहरानच्या एका मोठ्या बागेत पहिली मुलांची लायब्ररी, मग खेड्यांकडे जाणाऱ्या फिरत्या लायब्रऱ्या. आणि लायब्ररी काढल्यावर लक्षात आलं की कपाटात ठेवायला धड पुस्तकंच नाहीत! म्हणून प्रकाशन. पहिलं पुस्तक कुठलं, तर अँडरसनची जलपरी, भाषांतर आणि चित्रं स्वतः राणीसाहेबांची. पहिल्या पुस्तकात राणीची जलपरी आणि थोड्याच वर्षांत बगळ्याचं पोट फाडणारा मासा, एकाच प्रकाशनाकडून, पाणी तेच.

हे मधलं वळण कुणी घेतलं? इथं केसमधला सगळ्यात कमी बोलला जाणारा माणूस येतो, फिरूज शिरवानलू. विलायतेत शिकलेला, तिथल्या इराणी विद्यार्थी चळवळीतला, डावा. १९६५ च्या एप्रिलमध्ये शाहवर, म्हणजे इराणच्या राजावर, राजवाड्याच्या आवारातच गोळीबार झाला त्यानंतर ज्या डाव्या तरुणांना धरलं त्यांच्यात हा पण होता, तुरुंगात जाऊन आला. आणि असा माणूस राणीच्या संस्थेत प्रकाशनाचा कर्ताधर्ता! अब्बास कियारोस्तामीला, हो तोच, पुढे जगभर गाजलेला सिनेदिग्दर्शक, तेव्हा जाहिराती आणि सिनेमाच्या टायटल्स करणाऱ्या पोरगेल्या माणसाला, १९६९ मध्ये कानूनमध्ये बोलावलं तेही ह्यानंच.

वर्गात हे सांगितलं की पोरं लगेच दोन गटांत फुटतात. एक म्हणतात राजवटीनं डाव्यांना पगार देऊन गप्प केलं, दुसरे म्हणतात डाव्यांनी राजवटीच्या पैशात आपलं काम करून घेतलं. मी म्हणतो दोन्ही खरं असू शकतं, आणि त्या काळात तिथं काम करणाऱ्याला संध्याकाळी घरी जाताना ह्यातलं नक्की काय चाललंय हे स्वतःला तरी माहीत असेल का. माझा अंदाज इतकाच की मुलांचं पुस्तक ह्या गोष्टीला वरचे लोक पुरेसं गंभीर घेत नव्हते. वर्तमानपत्र, नाटक, कविता ह्यांच्यावर डोळ्यात तेल घालून नजर, पण मासे, बेडूक, पाल? कोण बघतं. शिवाय दरबाराला बाहेर दाखवायला आधुनिक, देखणं असं काहीतरी हवंच होतं, आणि देखणेपणात कानूनची पुस्तकं तेव्हा कुणाला ऐकत नव्हती.

देखणेपणावर आलोच आहे तर आता चित्रं, कारण माझ्या मते ह्या केसची किल्ली तिथंच आहे.

फर्शीद मिस्काली इस्फहानचा, जन्म १९४३, तेहरान विद्यापीठात चित्रकला शिकला, हे पुस्तक केलं तेव्हा पंचविशीचा. पुस्तकातली चित्रं बघितली की पहिल्यांदा वाटतं ही काढलेली नाहीत, दाबलेली आहेत. ठशाच्या छपाईचं वळण. रंग मोजके, आकार सपाट, कडा कापलेल्या, आणि शाई सगळीकडे सारखी बसलेली नाही, मधेमधे पांढरे ठिपके, कणी, ओरखडे राहिलेत आणि नेमके तेच ओरखडे पाणी होतात, खवले होतात, ओढ्याच्या तळाची वाळू होते. लाटा काढलेल्याच नाहीत आणि तरी पान ओलं वाटतं. इस्फहान म्हणजे कलमकारचं गाव, लाकडी ठशांनी कापडावर छपाई करणारं, आपल्याकडची कलमकारी हा शब्द तिकडूनच आलाय. पोरपणी बाजारात ठसे दाबण्याचा ठकठक आवाज ऐकत मोठा झालेला माणूस असं चित्र करणार असं मला आपलं वाटतं, पुरावा नाही, पण वाटतं.

आता गंमत बघा. गोष्टीच्या मजकुरात पक्षपात ठासून भरलाय. बेडूकपिल्लं म्हणजे उमराव, ओढ्यातल्या शेजारणी म्हणजे घाबरट समाज, बगळा म्हणजे कोण ते सांगायलाच नको. चित्रकाराला किती सोपं होतं! बगळ्याच्या डोक्यावर जरा टोपीसारखा तुरा, डोळ्यात जरा अमुक माणसाची झाक, बस. मिस्कालीनं ते केलं नाही. त्याचा पक्षी पक्षी आहे, मासा मासा आहे. कुणाचं व्यंगचित्र नाही, गणवेश नाही, माणसाचं तोंड नाही. पोस्टरबाजीचा मोह त्यानं टाळला आणि म्हणूनच, हे माझं मत, आवडलं नाही तर सोडून द्या, ते पुस्तक दोन्ही बाजूंच्या तावडीतून थोडंफार वाचलं. मजकुरावर ज्याला त्याला हक्क सांगता आला, चित्रांवर कुणालाच धड सांगता आला नाही.

आणि हक्क सांगायला लोक लगेच आलेच. पुस्तक निघालं १९६८ च्या उन्हाळ्यात. त्याच ऑगस्टच्या शेवटी समद बेहरंगी आरस नदीत बुडून गेला. वय एकोणतीस. आरस म्हणजे इराण आणि तेव्हाच्या सोव्हिएत युनियनमधली सरहद्द. पोहता येत नव्हतं, बरोबर एक लष्करी अधिकारी असलेला मित्र होता. बस, एवढ्यावर गावभर बोलबाला, सावाकनं, म्हणजे शाहच्या गुप्त पोलिसांनी मारला. जलाल आल-ए-अहमद हे इराणी लेखकांतलं तेव्हाचं केवढं मोठं नाव, त्यांनी समदवर लिहिताना ह्या संशयाला हवा दिली, आणि नंतर एका मित्राला लिहिलेल्या पत्रात कबूल पण केलं की ही दंतकथा रचण्यात आपला हात होता. पत्र कोण वाचतं, दंतकथा सगळे वाचतात. ओढ्यातून निघालेला मासा समुद्रात दिसेनासा झाला आणि त्याला लिहिणारा मास्तर नदीत दिसेनासा झाला, असं जुळून आल्यावर लोकांना अपघात पटणार कसा.

पुढे तर मासा हातातूनच गेला. तबरीझमधल्या समदच्या मित्रमंडळींतले काहीजण गनिमी डाव्या चळवळीत, फिदाईंमध्ये गेले, ज्याच्याबरोबर लोककथा गोळा केल्या तो बेहरूज देहकानी १९७१ मध्ये कोठडीतल्या छळात मेला. १९७१ च्या फेब्रुवारीत उत्तर इराणातल्या सियाहकलच्या पोलीस ठाण्यावर हल्ला झाला आणि सशस्त्र चळवळ उघड सुरू झाली. मग काळा मासा म्हणजे फिदाई आणि काट्याचा खंजीर म्हणजे बंदूक हे समीकरण पक्कंच झालं. पुस्तकावर शाहच्या काळातच बंदी आली. म्हणजे राणीच्या संस्थेनं काढलेलं पुस्तक राजाच्या राज्यात बंद.

त्याच वेळी बाहेर काय चाललं होतं? १९६९ मध्ये बोलोन्याच्या बालपुस्तक जत्रेत ह्याच पुस्तकाच्या चित्रांना पहिलं बक्षीस. त्याच वर्षी ब्रातिस्लाव्हाच्या द्वैवार्षिक प्रदर्शनातही गौरव. आणि १९७४ मध्ये मिस्कालीला हान्स ख्रिस्तियन अँडरसन पदक, बालपुस्तकांच्या चित्रकारांसाठी ह्याच्या वर काही नाही. त्याच्याआधी हे पदक ज्यांना मिळालं त्यांत चेकोस्लोव्हाकियाचे यिर्शी त्र्न्का आहेत, अमेरिकेचे मॉरिस सेंडाक आहेत, आणि आशियातला तोपर्यंत एकही नाही. जलपरीपासून निघालेली संस्था अँडरसनच्याच नावाच्या पदकापर्यंत आली, पण बंदी आलेल्या माशावर बसून! असल्या योगायोगांची मला जरा जास्तच आवड आहे, माहितीये.

अ‍ॅनिमेशन कुठे आलं ह्यात, तर इथंच. कानूननं सिनेमा विभाग काढला तेव्हा वेगळे अ‍ॅनिमेटर आणले नाहीत, कारण होतेच कुठे. पुस्तकाची चित्रं करणाऱ्यांनाच सांगितलं, ही हलवा. मिस्कालीनं १९७० पासून स्वतःच्या छोट्या फिल्म केल्या. नूरुद्दीन झर्रीनकिल्क हा मूळचा फार्मसी शिकलेला माणूस, तो बेल्जियममध्ये राऊल सर्व्हे यांच्या हाताखाली अ‍ॅनिमेशन शिकून आला आणि पुढे इराणातल्या पिढ्या त्यानं घडवल्या. त्याच्या १९७५ च्या फिल्मचं नाव आपल्याला तर भाषांतराशिवाय कळतं, 'दुनिया-ए-दीवाने-ए-दीवाने-ए-दीवाने'. जगाचा नकाशा आहे, त्यातल्या भूभागांचे प्राणी होतात आणि एकमेकांवर तुटून पडतात, संपली फिल्म, एक शब्द नाही. अली अकबर सादेकी वेगळ्याच मातीचा, त्याची 'रुख' १९७४ ची, बुद्धिबळाच्या पटावरची, आणि तिथले सरदार, घोडे, मिशा सगळं थेट कहवेखान्यातल्या चित्रांतून उठून आलेलं.

कहवेखान्यातली चित्रं म्हणजे काय ते पाच ओळीत सांगतो. इराणात नक्काल असायचे, गोष्ट सांगणारे, आणि काहीजण मागे मोठा रंगवलेला पडदा टांगून हातातल्या काठीनं एकेक प्रसंग दाखवत शाहनामा ह्या इराणी महाकाव्यातल्या लढाया नाहीतर करबला सांगायचे. एकाच पडद्यावर शाहनाम्याचा नायक रुस्तम चार ठिकाणी, जिथं काठी तिथं 'आता'. कुडाळजवळच्या पिंगुळीत चित्रकथी ज्यांनी ऐकलीय, पोथीतलं एकेक चित्र वर धरून रामायण लावणारे ठाकर कलाकार, त्यांना हे लगेच लागेल. तिथं चित्र स्थिर असतं, बघणाऱ्याची नजर हलवली जाते. सादेकीच्या फिल्ममध्ये मला तीच काठी दिसते, फक्त ती आता कॅमेऱ्याच्या हातात आहे. आणि हेच कारण असावं की कानूनच्या जुन्या फिल्म तांत्रिकदृष्ट्या अगदी गरीब असूनही, मोजक्या फ्रेम, कापलेले आकार सरकवलेले, बघताना कमी पडल्यासारख्या वाटत नाहीत. आपल्याकडची पोरं सॉफ्टवेअर उघडतात आणि पहिल्या दिवशी पात्राचे केस उडवायला लागतात, त्यांना मी मुद्दाम ह्या दाखवतो.

१९७९ मध्ये क्रांती झाली. राणी गेल्या, लिलीबाई गेल्या, मिस्काली पण देश सोडून पॅरिस आणि मग अमेरिका असा गेला. कानून गेलं नाही. नाव तेच राहिलं, शिक्षण खात्याखाली आलं, फोटो बदलले, आणि ह्याच कानूनमधून १९८७ मध्ये कियारोस्तामीचं 'मित्राचं घर कुठाय' आलं. संस्था राजवट बदलल्यावर कशा टिकतात ह्याचं कुणी संशोधन करायचं असेल तर करावं. मला वाटतं लायब्रऱ्यांमुळे टिकलं. पुतळा पाडता येतो, पण गावातली मुलं ज्या कपाटाशी रोज येतात ते कपाट बंद करायला नव्या सरकारलाही जीव होत नाही, त्यापेक्षा कपाटातली पुस्तकं बदलणं सोपं. ते त्यांनी केलंच.

आणि मग २ मार्च २०२५. ऑस्कर. शॉर्ट अ‍ॅनिमेशनचा पुरस्कार 'सरूच्या सावलीत' (सरू म्हणजे सायप्रसचं झाड) ह्या वीस मिनिटांच्या इराणी फिल्मला, दिग्दर्शक शिरीन सोहानी आणि हुसेन मुलायमी. एक म्हातारा होत चाललेला जहाजाचा कप्तान, युद्धानं आतून मोडलेला, त्याची मुलगी, आणि किनाऱ्यावर येऊन अडकलेला देवमासा. संवाद एकही नाही. ह्या दोघांना आदल्या दिवसापर्यंत अमेरिकेचा व्हिसा मिळाला नव्हता, समारंभाच्या जेमतेम तीन तास आधी लॉस एंजेलिसला उतरले आणि ते त्यांनी स्टेजवरूनच सांगितलं. फिल्मच्या निर्मितीत नाव कुणाचं? कानूनचं. साठ वर्षांनी, दुसऱ्याच राजवटीत, परत सरकारी पैसा, परत पाणी, परत मासा, आणि परत असं चित्र की ज्यावर कुठल्याच बाजूला धड शिक्का मारता येत नाही.

वर्गात ही केस मी तीन दिवस चालवतो. पहिल्या दिवशी फक्त मजकूर वाचायचा, चित्रं दाखवायची नाहीत. आणि दर वर्षी तेच होतं, वाचून झाल्यावर पोरं जी स्केचेस करतात त्यातला मासा रागीट असतो, भुवया तिरक्या, खंजीर केवढा मोठा, एकानं तर माशाला डोक्याला पट्टी बांधली होती. दुसऱ्या दिवशी मूळ चित्रं दाखवतो. पाच-दहा मिनिटं कुणी बोलत नाही. मग कुणीतरी म्हणतंच, सर हा तर नुसता मासा आहे.

तिसऱ्या दिवशी ठसे. लिनो, म्हणजे ठसे कोरायची लिनोलियमची शीट, परवडत नाही तेव्हा बटाटा, नाहीतर जुन्या चपलेचा रबरी तळ, तो तर झकास कापला जातो, वाण्याकडच्या स्टॅम्पपॅडची शाई नाहीतर पोस्टर कलर घट्टसर कालवून. बटाट्याचं पाणी टिपून घ्यावं लागतं, नाहीतर रंग ओघळतो. पहिला ठसा नेहमी गिचका उठतो, दुसरा-तिसरा चांगला, आणि चौथा, रंग संपत आलेला असतो तो, सगळ्यात भारी, त्यातच ते पांढरे ठिपके येतात. पोरं चौथा फेकून द्यायला निघतात, मी हात धरतो.

मागच्या बॅचला सोलापूरकडची एक मुलगी होती, हात चांगला, घाई फार. ठसा उलटा कोरायचा असतो हे मी तीनदा सांगितलं होतं. मराठी पुस्तक डावीकडून उजवीकडे जातं, मासा समुद्राकडे निघालाय म्हणजे त्याचं तोंड उजवीकडे हवं, म्हणजे बटाट्यावर ते डावीकडे कोरायचं. तिनं उजवीकडेच कोरलं, अगदी डोळा, खवले सगळं जागच्या जागी. दाबला, उचलला, आणि मासा पानावर डावीकडे तोंड करून, आला त्या वाटेनं परत निघालेला. सगळे हसले. मी म्हटलं अगं फारसी पुस्तकात असता तर बरोबर गेला असता, त्यांचं पान उजवीकडून डावीकडे वाचतात, पण तू मराठी पुस्तक करतेयस, दुसरा काप.

तिनं ठसा परत बघितला. म्हणाली, नको सर, हा एक असू दे. ह्याची आई तिकडे वाट बघत असेल ना.